बारावं वर्ष

काचेची बांगडी एक्स-रेत दिसत नाही, असं सांगणारा शहाणा मला एकदा भेटायला हवा. चांगली ठसठशीत दिसते. हाडावर पांढरी आडवी रेघ मारून बसते, आणि बसते ती डॉक्टरांना जिथे बघायचं असतं नेमकी तिथेच. मुंबईच्या एका धर्मादाय इस्पितळात मी बावीस वर्षं एक्स-रे काढले. ताईत, करगोटे, पोलक्यातल्या टाचण्या, खिशातल्या चाव्या, सगळ्यांशी भांडलो. माझ्या तोंडाची इतकी ख्याती होती की वॉर्डातल्या नर्सबाई पेशंटला खाली पाठवतानाच बजावायच्या, "अंगावरचं सगळं काढून जा, तुळशीराम खवळतो."

ठमाबाईलाही बजावलं असणार. तिने ऐकलं नाही, एवढंच.

१९५८ सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. तिच्याबरोबर तिचा मोठा भाऊ रामचंद्र होता, डोक्याला मुंडासं, हातात चिठ्ठी, चेहरा दमलेला. ती तिशी-बत्तिशीची असेल. उजवा हात तिने डाव्या हाताने पोटाशी धरला होता. मनगटाच्या वर चार बोटांवर हाताला चक्क एक वळण होतं, आणि तळवा उपडाच राहिला होता, उताणा होत नव्हता. त्या वळणाच्या वर, कोपराच्या बाजूला, पाच हिरव्या बांगड्या अडकून बसल्या होत्या. डावा हात मोकळा. कपाळाला कुंकू होतं, तेही बारीक, कुणाच्या नजरेत येऊ नये असं.

"बांगड्या काढ," मी म्हणालो.

"नाय निघत."

"मग फोड."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "हात फोडलास तरी चालंल," ती म्हणाली. "बांगड्यांना हात लावाचा नाय."

माझा पारा चढायला हवा होता. पण ते 'लावाचा नाय' ऐकलं आणि तो चढलाच नाही. धरमतरच्या खाडीकाठचं बोलणं ते, माझ्या आईचं. आई गेल्यावर मी गावाकडे फिरकलो नव्हतो, आणि इस्पितळात सगळ्यांशी बोलून बोलून माझी भाषा धुतल्या कापडासारखी झाली होती. कुठली, विचारलं, तर आमच्या गावासमोरच्या मिठागरावरची निघाली. मध्ये फक्त खाडी. मग मी ओरडलो नाही. बांगड्यांसकट प्लेट काढली आणि वर पाठवून दिली.

दहा मिनिटांत मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. मोडलेले, वाकडे जुळलेले हातपाय सरळ करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्लेट त्यांनी उजेडाच्या पेटीवर आपटली. "तुळशीराम, हा हाडाचा फोटो आहे की कासाराच्या दुकानाचा?"

मी नुसतं ठमाबाईकडे बोट दाखवलं. मग रामचंद्राने सगळं सांगितलं, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिचा नवरा हिरामण मुंबईत गोदीत कामाला होता. सत्तेचाळीस सालच्या आषाढी अमावास्येला रामदास बोट रेवसला येता येता बुडाली, त्या दिवशी सकाळी तो खोलीवरून गाठोडं घेऊन निघाला होता, एवढं त्याच्या खोलीवाल्यांनी सांगितलं. बोटीत चढला की नाही, हे कुणी पाहिलं नव्हतं. तो नारळी पौर्णिमेला गावी येईन म्हणाला होता, अमावास्येला येण्याचं त्याचं काही ठरलंच नव्हतं. कुणी म्हणे, आफ्रिकेच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. किनाऱ्याला लागलेली प्रेतं रामचंद्राने आठ दिवस उलथीपालथी करून पाहिली. हिरामण त्यांत नव्हता. हे सांगताना त्याने मुंडासं काढून हातात घेतलं.

आमच्याकडे असा हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. बारा वर्षांत तो आला नाही, की गवताचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोने कुंकू पुसायचं. तोवर ती ना सवाष्ण, ना विधवा. सासरच्यांनी तिच्या गळ्यातलं तेवढं आधीच काढून घेतलं आणि तिला भावाकडे धाडलं. बांगड्या राहिल्या. पण गावचा कासार तिला नव्या भरेना. कोण भरील? माणूस गेलाच असेल तर अपशकून त्याच्या माथी. दोन्ही हातांत मिळून चौदा होत्या. मिठागरावर टोपल्या उचलताना एकेक करून गेल्या, आणि गेली ती गेली, तिच्या जागी दुसरी येईना. डाव्या हातातल्या संपल्यावर ही बाई उजवा हात जपून सगळी कामं डाव्याने करायला लागली. अकरा वर्षांत पाच उरल्या होत्या.

"अन् मे महिन्यात बांधावरनं टोपलीसकट घसरली," रामचंद्र म्हणाला. "दोनी हाडं मोडली. हाडवैद्य आला. बांबूच्या पट्ट्या बांधाच्या म्हंजे हात मोकला पायजे का नको? ही बांगड्या उतरू देईल तर शप्पत! सरकवल्या वर कोपराकरं, आनि तशाच पट्ट्या बांधून घेतल्या. त्यालाही नीट खेचता नाय आला. जुलला तो आसा."

"अजून नऊ म्हयने हायेत माजे," भिंतीकडून आवाज आला. "बारावा वरीस लागलाय. सरलेला नाय."

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला टाचणी टोचली. तिला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा टोचली. मग ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, जे ते सहसा करत नसत.

"बाई, नीट ऐक. हाड जिथे वाकडं जुळलंय तिथे उंचवटा आलाय, आणि त्याच्यावर एक शीर ताणली जातेय. आत्ता ही दोन बोटं बधिर आहेत. नऊ महिने थांबलीस तर ती वाळतील, मग मूठही वळणार नाही. नंतर मी काय, कुणीही काही करू शकणार नाही. आत्ता केलं तर हात परत मिळेल. पण हाड पुन्हा कापायचंय, आणि किती कापायचं ते आधी नक्की करायला मला ते दिसायला हवं."

"मंग दिसंल असा फोटू काढा," ती म्हणाली. "मी हालनार नाय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आता मी पडलो हेकट. यंत्र माझं, खोली माझी, आणि पाच काचेच्या बांगड्या मला हरवणार म्हणजे काय! शिवाय, खरं सांगायचं तर, त्या बाईने माझ्या आईच्या भाषेत मागितलं होतं.

त्या दिवशी मी तिचा हात वाळूच्या पिशव्यांत असा बसवला की मुंगीइतकाही हलू नये. टेबलावर पेन्सिलीने खुणा केल्या. बांगड्या वर कोपराकडे सरकवून चिकटपट्टीने धरल्या आणि एक प्लेट काढली. मग खाली उंचवट्यापर्यंत आणून दुसरी. मग त्यांची मधे एक आणि वर चार अशी वाटणी करून तिसरी. मग हात कुशीवर करून पुन्हा दोनदा. प्रत्येक प्लेटमध्ये हाडाचा निराळा तुकडा उघडा पडत होता. तासभर लागला. ती खरंच हलली नाही. फक्त बांगड्या सरकवताना दर वेळी म्हणायची, "सावकाश, दादा."

संध्याकाळी डॉक्टरांनी पाचही प्लेटा उजेडावर ओळीने लावल्या. पातळ कागद एकेका प्लेटवर ठेवून, जिथे हाड उघडं दिसत होतं तेवढंच पेन्सिलीने उतरवलं. पाच प्लेटांतून हाडांची दोन अख्खी चित्रं कागदावर आली, एक समोरून, एक बाजूने, वळणासकट. मग त्यांनी कात्री घेतली. कागदाचं हाड उंचवट्यापाशी कापलं, पाचरीएवढा तुकडा काढून टाकला, दोन टोकं जुळवून टाचणी लावली. हाड सरळ! ते लहान पोरासारखे खूश झाले. "इथे, आणि एवढंच," ते म्हणाले. "टेबलावर अंदाजाने काही करायचं नाही. तुळशीराम, तुला चहा माझ्याकडून."

ठमाबाईला बोलावून त्यांनी कागदाचं हाड दाखवलं. तिने ते डाव्या तळव्यावर घेतलं, टाचणीवर हलवून पाहिलं. "असा व्हईल?"

"असाच."

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि त्याच क्षणी वॉर्डातल्या नर्सबाई म्हणाल्या, "पण डॉक्टर, ऑपरेशनला हात स्वच्छ हवा. बांगड्या?"

पेचच होता. हाड सरळ झालं की त्या पाच बांगड्या अलगद, अख्ख्या निघतील, आणि हाड सरळ करायचं तर आधी त्या निघायला हव्यात. ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं, आणि तो होता सोमवार. रामचंद्र बहिणीवर खेकसला, "फोडून टाक एकदाच्या! मेलेल्या माणसापायी हात घालवतंस?"  ती कागदाचं हाड माझ्या टेबलावर ठेवून वर निघून गेली. खेकसून झाल्यावर रामचंद्र माझ्या स्टुलावर बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "माज्यामागं हिला कोन बघंल? हात नसंल तर कोन भाकर देईल?"

दोन दिवस मी डोकं खाजवलं आणि मला एक युक्ती सुचली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती.

इस्पितळाच्या गल्लीत काशी नावाची कासारीण बसायची. बाळंतिणींच्या वॉर्डात तिची कायम ये-जा. जुन्या बांगड्या काढायच्या आणि लगेच नव्या भरायच्या, यात सवाष्णीला कसलं आलंय वावगं? गावच्या कासाराला ठमाबाई माहीत होती, काशीला कुठे माहीत होती! काशीने त्या पाच वाढवायच्या, म्हणजे फडक्यात फोडायच्या, आणि त्याच घटकेला डाव्या हातात सात नव्या भरायच्या, म्हणजे हात रिकामे पडणार नाहीत, बारावं वर्षही शाबूत राहील. फक्त एक होतं. हात हातात घेतला की काशी प्रत्येकीला विचारायची, "मालक कुठं असतात?" ही तिची सवयच.

"म्हण, गावी असतात," मी ठमाबाईला शिकवलं. "तेवढंच. पुढे काही विचारणार नाही ती."

तिने आपला मोकळा डावा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "नव्या भरंल ती? खरंच?" तिच्या डोळ्यांत जी हाव दिसली ती मी विसरलेलो नाही. अकरा वर्षं कुणी तिच्या हातात बांगडी चढवली नव्हती.

बुधवारी दुपारी काशी आली. खाटेवर पेटी उघडली. हिरव्या, राजवर्खी, बिलोरी, सगळ्या रांगेने. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. ठमाबाईने हिरव्याच निवडल्या. काशीने तिचा डावा हात मांडीवर घेतला, बोटांची हाडं दाबून मऊ केली, सात बांगड्या मापाने वेगळ्या काढल्या आणि सवयीने विचारलं, "मालक कुठं असतात, बाई?"

ठमाबाईने तोंड उघडलं. मी दाराशी उभा होतो, मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण, गावी असतात म्हण.

"रामदास बोटीत व्हते," ती म्हणाली.

काशीचा हात थांबला. आमच्या किनाऱ्यावर काय आणि मुंबईत काय, त्या बोटीचं नाव घेतल्यावर निराळं सांगावं लागत नसे. काशीने हलक्या आवाजात विचारलं, "सापडले?"

"नाय."

"किती वर्षं?"

"बारावा लागलाय."

काशीने पेटीकडे पाहिलं, पुन्हा तिच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पेटी मिटणार. पण ती म्हणाली, "सापडले नाहीत ना? मग मी भरते. मला कुणाची भीती नाही. बारा सरेपर्यंत सवाष्णच तू." आणि तिने पहिली बांगडी बोटांवर चढवली.

ठमाबाई जन्माची भुकेली असल्यासारखी त्या बांगडीकडे बघत होती. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी आली. आता एकच दाब दिला की मनगटावर. आणि ठमाबाईने हात मागे ओढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "मना ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"बोटीतच व्हते ते. पुनवेला येनार व्हते. मीच मचवा हाकनाऱ्या तांडेलाकरनं निरोप धारला, पुनवेपर्यंत नको थांबू, मना करमत नाय, अवसेलाच ये." तिने भावाकडे पाहिलं. "तांडेल मंग त्याच वरसी वारला. कोनालाच ठाव नाय. तुला पन सांगितला नाय, दादा. माजा निरोप मिलाला नसता तं ते कशाला निगते? मी बोलवला आनि ते आले नाय असा कधी झालाच नाय."

रामचंद्र खाटेच्या कडेवर बसला. आठ दिवस प्रेतं उलथीपालथी केलेला माणूस तो. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिला.

"करमत नव्हता म्हनून," ती पुन्हा म्हणाली. "दुसरा काय कारन नव्हता."

तिने वाकडा हात काशीपुढे धरला. काशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्या पाच बांगड्यांवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "वाढवते हं, बाई."

"वाढवू नको. फोड."

पाच वेळा आवाज आला. फडक्यातून येतो तितकाच, फार मोठा नाही. काशीने तुकडे वेचले, हात पुसला, कुठे काच लागली नाही ना ते बोटाने चाचपून पाहिलं. ठमाबाईने मग ओल्या पदराने स्वतःचं कुंकू पुसलं. मी खाली माझ्या खोलीत आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो. माझी युक्ती! कुणाच्या अकरा वर्षांत नाक खुपसायचा मला काय अधिकार होता, हे त्या दिवशी मला कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. त्याआधी मी मोकळ्या हाताच्या दोन साफ प्लेटा काढल्या. डॉक्टरांनी त्यांच्यावर आपलं कागदाचं हाड ठेवून पाहिलं. रेघेवर रेघ बसली. ऑपरेशनही तसंच झालं. ठरवलं तिथे कापलं, ठरवलं तेवढंच काढलं, हाडावर पट्टी बसवून स्क्रू घातले. शीर मोकळी झाली. तीन महिने प्लास्टर राहिलं. रामचंद्र दर महिन्याला तिला लाँचने घेऊन यायचा, येताना मला मिठाची पुरचुंडी आणायचा.

शेवटची तपासणी होती मार्चमध्ये. मिठागरांचा हंगाम भरात होता, तरी दोघं आली. ठमाबाईने हात टेबलावर ठेवला, मी सांगण्याआधीच तळवा उताणा केला. पूर्ण उताणा. करंगळीला टोचलं तर 'आई गं' म्हणाली. मी एकच प्लेट काढली आणि धुऊन आणली. दोन हाडं सरळ, त्यांच्यावर स्क्रूंच्या रेघा, बाकी काही नाही. इतकी साफ प्लेट मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाली असेल.

"आता काय म्हनतो हात?" मी आमच्या बोलीत विचारलं. "फावडा धरतस का?"

"धरते. दोनी हातांनी मीठ ओढते. माजा दादा पन आता खेकसत नाय." ती पदर सावरून उठली, पण दारापाशी थांबली. माझ्या हातातल्या प्लेटवरून अजून पाणी गळत होतं. "आधी रेवसच्या लाँचचा भोंगा झाला का माजा हात थांबाचा. कामात आसली, जेवत आसली, तरी. दिवसातनं दोनदा. लोका हसाचे. आता भोंगा व्हतो आनि मी मीठ ओढतच रायते. मागाहून ध्यानात येतं, का आज आयकलाच नाय."

मला वाटलं, ती बरं वाटतंय म्हणून सांगतेय. मी म्हणालो, "मग बरं झालं की, बाय."

"बरा कसा झाला?" ती माझ्यावर खवळली, मी पेशंटवर खवळतो तशी. "अजून चार म्हयने हायेत माजे, दादा. ठाव असून पन अकरा वरसा बघितली, आनि आता मना वाट बघता येत नाय."